मावल्याच्या हौदातली वीस मिनिटं

नॉर्वेला जायला काय काय लागतं, ते कुणालाही विचारा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, जाड स्वेटर. मला त्या सगळ्याच्या आधी लागला बर्फ, आणि तो अख्ख्या आदिलाबादमध्ये मिळेना.

"जानेवारीत बर्फ कोन घेते मॅडम?" उसाचा रसवाला म्हणाला. गाडी त्याने ताडपत्रीने गच्च झाकून ठेवली होती आणि स्वतः टोपरं बांधून शेकोटीपाशी बसला होता. मच्छीबाजारात मिळत होता, पण मासळीच्या वासासकट, आणि तसला बर्फ आई उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही हे ती न बोलताच मला ठाऊक होतं. घरच्या फ्रीजमध्ये दोन ट्रे. त्यातले तुकडे बादलीत टाकले तर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरलं. मी थर्मामीटर लावून बघितलं होतं. दर हिवाळ्यात राज्यातला सगळ्यात थंड जिल्हा म्हणून आमचं नाव पेपरात छापून येतं, आणि त्याच जिल्ह्यात मी थंड पाण्यासाठी वणवण करत होते.

माझं नाव वल्लरी. वय सदतीस. इथल्या एका खाजगी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सहा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी चेन्नईला गेले होते. रविवारी सुट्टी म्हणून आम्ही सगळ्याजणी किनाऱ्यावर गेलो, तिथे एक जण लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकवत होता. बाकीच्या मैत्रिणी भजी खात बसल्या. मी फळीवर चढले आणि चार सेकंद उभी राहिले. त्या चार सेकंदांनी माझं वाटोळं केलं म्हणा ना. आदिलाबादहून कुठल्याही बाजूने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही, आणि मला वेड लागलं ते समुद्राचं. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत रेल्वेचे धक्के खात तिकडे जायचं आणि नाकातोंडात खारं पाणी घेऊन परत यायचं.

आईला मी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. फळीवर पोटावर झोपायचं, हातांनी पाणी मारत आत जायचं, लाट आली की उठून उभं राहायचं आणि लाटेबरोबर यायचं.

"येतेस कुठं?" आईने विचारलं.

"किनाऱ्यावर."

"अन् निघतेस कुठून?"

"किनाऱ्यावरूनच."

"मग?" आई म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

तो शिकवणारा म्हणजे हर्षदीप. मूळचा यवतमाळचा, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचा आणि मराठीतच शिव्या घालायचा. यंदा त्याने सहा जणांना घेऊन नॉर्वेच्या पार उत्तरेला जायचं ठरवलं. मार्चअखेर, दहा दिवस. एका बाजूला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची एक चिमटी आणि चार लाकडी घरं. पाणी चार-पाच अंश. त्याने पाठवलेला एक फोटो मी इतक्यांदा बघितला की तो किनारा मला आमच्या गल्लीइतका पाठ झाला. मला जायचं होतं. का, ते मला आईला सांगता आलं नाही आणि तुम्हालाही सांगता येणार नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सुट्टीतले ते चार दिवस सोडले, तर पाच वर्षं मी कॉलेज, औषधं, गॅसचा नंबर आणि आईचे गुडघे यांच्या बाहेर गेले नव्हते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फक्त मला हवं होतं.

हर्षदीपची एकच अट होती. गेल्या वर्षी एकाला थंड पाण्यातून ओढून काढावं लागलं होतं, त्यामुळे यंदा प्रत्येकाने व्हिडिओ पाठवायचा. दहा अंशांच्या खालच्या पाण्यात, रबरी सूट घालून, वीस मिनिटं. थर्मामीटर दिसलं पाहिजे, मधे कापाकापी चालणार नाही. मुदत जानेवारीचा शेवटचा रविवार. पोचला नाही तर रांगेतला सातवा माणूस जाईल.

बर्फाचा नाद सोडून मी शरीराला सवय लावायचं ठरवलं. रोज पहाटे पाचला मागच्या मोरीत रात्रभर भरून ठेवलेल्या ड्रममधलं पाणी अंगावर ओतायचं. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून रूपालीने पाहिलं. रूपाली आमची शेजारीण, बँकेत आहे, पहाटे फिरायला जाते आणि जाताना सगळ्यांची चौकशी करते.

"वल्लरीताई, गिझर बिघडला का?"

मी तोंड उघडायच्या आत आई मागून म्हणाली, "माघस्नान धरलं तिनं."

माझे दात इतके वाजत होते की मला खोडून काढता आलं नाही. पौषाच्या पुनवेपासून माघाच्या पुनवेपर्यंत महिनाभर, सूर्य उगवायच्या आत, गार पाण्याने आंघोळ करायची. आईच्या लहानपणी घरोघरच्या बायका करायच्या. आता आमच्या गल्लीत कोणी करत नाही, आणि म्हणूनच आईला ते सुचलं असणार. बंद पडलेलं व्रत, तपासायला कोण येतंय?

"कसलं माघस्नान वं आई?" मी घरात येऊन ओरडले.

"मग काय सांगू? पोरगी लाटेवर उभी राहाले परदेशात चालली? लोकं काय मनतील?"

"लोक म्हणतील पोरगी लाटेवर उभी राहते!"

"त्यापरीस हे बरं. महिनाभराची तर गोष्ट. अन् कोनी काई विचारनार नाही."

संध्याकाळपर्यंत चौघांनी विचारलं. दोघींनी लग्न जमण्यासाठी का, असं विचारलं. कॉलेजातल्या ऑफिसात उत्तमराव बसतात, त्यांच्यापर्यंत आठवड्याच्या आत बातमी गेली. माझी रजेची दरखास्त त्यांच्या टेबलावर तीन वेळा जाऊन परत आली होती. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं 'सर्फिंग', आणि उत्तमराव चष्मा वर करून म्हणाले होते, "मॅडम, असं कारन मंजुरीत बसत नाही." आता त्यांनी स्वतः मला बोलावलं, बसायला खुर्ची दिली, आणि आपल्या वळणदार अक्षरात 'तीर्थयात्रा' असं लिहून दरखास्त मंजूर करून आणली. वर म्हणाले, "आमच्या नावानं एक डुबकी मारजा." मी सही केली. दिवसभर माझा जीव जळत होता, पण रजा हातात होती.

आणि मग भागाबाई आल्या. भागाबाई शेजारच्या मावला गावाहून भाजी घेऊन येतात, साठीच्या आहेत, आणि आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं स्पष्ट बोलणारं कोणी नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं. त्यांनी वांग्यांची टोपली आमच्या ओट्यावर टेकवली आणि मला आपादमस्तक बघून घेतलं.

"मोरीतल्या नळाच्या पान्यानं कुठी माघस्नान होते का वं? नदी पायजे, नाई तर हौद पायजे. माही सासू करे. माह्या मळ्यात ये, मी बी धरतो तुह्यासंगं."

मी नाही म्हणणारच होते, तेवढ्यात 'हौद' हा शब्द डोक्यात शिरला. उघड्यावरचा सिमेंटचा हौद. वर मोकळं आभाळ, बाहेर पाच अंश. रात्रभर उष्णता आभाळात जात राहिली तर पहाटेला दहाच्या खाली येऊ शकतं. हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर समजावते. आईच्या थापेचा पहिल्यांदाच काही उपयोग होत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटीवर मागे आईला बसवून मावल्याला गेले. मळ्यात भागाबाई, त्यांच्या दोन जावा आणि पलीकडच्या मळ्यातली एक बाई, अशा चौघी पदर खोचून तयार. मी पिशवीतून सूट काढला. हर्षदीपने पाठवलेला, जाड, काळा, टोपी आणि मोज्यांसकट. भागाबाईंनी तो बोटांनी दाबून बघितला.

"हे काय, टायरची ट्यूब हाय का?"

"हे घालून पाण्यात उतरायचं असतं."

"माघात काळं नाई नेसत पोरी. अन् रबर तं नाईच नाई."

मी दहा मिनिटं वाद घातला. मी वादात सहसा हरत नाही. भागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हौद तुहा का माहा?"

सूट परत पिशवीत गेला. आणखी नियमही कळले. महिनाभर मुळा खायचा नाही, अंगाला तेल लावायचं नाही, आणि आंघोळीनंतर शेकोटीपाशी बसायचं नाही. हा शेवटचा नियम कोणी काढला असेल त्याला मला एकदा भेटायचं आहे.

मी थर्मामीटर हौदात सोडलं. तेवीस अंश. मला वाटलं बिघडलं. हात घातला, तर पाणी चक्क कोमट, वरून वाफा निघत होत्या. भागाबाई रोज चारला उठून मोटर लावतात, विहिरीच्या पाण्याने हौद भरतात आणि दिवसभर त्यातून वांग्यांना पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं हे पाचवीतल्या मुलाला माहीत असतं, आणि मी, भौतिकशास्त्राची लेक्चरर, ते विसरले होते. चौघी जणी त्या गरम पाण्यात 'हर गंगे' म्हणत मजेत डुंबल्या. मीही डुंबले. करते काय?

आठ दिवस असं चाललं. नॉर्वेच्या तयारीसाठी मी रोज दोन तास आधी उठून, धुक्यात स्कूटी चालवत, गरम पाण्याने आंघोळ करायला जात होते. माझ्या मोरीतलं पाणी त्याहून थंड होतं, पण आता मोरीत आंघोळ केली तर व्रत मोडलं म्हणून भागाबाई रागावल्या असत्या. शेवटी मी त्यांना हात जोडले. म्हटलं, दोन रात्री हौद भरलेला तसाच राहू द्या, मोटर लावू नका, मला गारच पाणी हवंय.

"बरं," भागाबाई म्हणाल्या. "गारच पायजे तं गार."

शुक्रवारी पहाटे मी सगळी तयारी करून गेले. फोन चार्ज केलेला, थर्मामीटरला दोरी बांधलेली. बाहेर सहा अंश. हौदात एकवीस.

"मोटर लावली!" मी किंचाळले. बगळे उडाले.

"जराशीच लावली," भागाबाई म्हणाल्या. "तुह्या आईनं रातच्याला फोन केला. मने पोरीले सर्दी झाली, पानी जरा बरं ठेवजा."

मी आईकडे बघितलं. आई वांग्याच्या पानाची खालची बाजू बघत उभी होती, जणू कीड शोधायलाच ती इथवर आली होती. घरी आल्यावर सगळं काढलं. सहा वर्षांतलं, बाबा गेल्यानंतरचं, त्याआधीचंही. तू मला एक गोष्ट धड करू देत नाहीस, म्हटलं. तुला मला इथेच, तुझ्या डोळ्यांसमोर, औषधाच्या डबीसारखं ठेवायचं आहे. आई म्हणाली, "पान्यानं मानूस मरते वल्लरी." मी दार आपटून कॉलेजला गेले.

आता उरला एक रविवार. शनिवारी संध्याकाळी मी मळ्यात गेले आणि भागाबाईंच्या देखत मोटरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात घातला. हौद त्यांनी शुक्रवारपासून तसाच भरलेला ठेवला होता.

"ने बापा," भागाबाई म्हणाल्या. "पर माहे वांगे सुकले तं घागरी घेऊन तूच येजो."

रविवारी पहाटे गारठा असा होता की स्कूटीच्या ब्रेकवर बोटं वळत नव्हती. मळ्यात पोचलो तेव्हा बाहेर पाच अंश होते. थर्मामीटर सोडलं आणि मनात शंभरपर्यंत मोजलं. नऊ. मी ते भागाबाईंना दाखवलं, जावांना दाखवलं, आईच्या नाकापुढे धरलं. नऊ! सूट नव्हता, पण त्याने काय बिघडतं, उलट सुती सलवार-कुडत्यात करून दाखवलं तर मार्क जास्तच मिळतील, असा मी हिशोब केला. मास्तरकी अंगात भिनली की असं होतं. आईच्या हातात फोन दिला, म्हटलं, हलवू नकोस, आणि दर मिनिटाला आकडा मोठ्याने सांग. बाकी काही बोलू नकोस.

उतरले. पहिली तीन मिनिटं वाईट गेली, श्वास छातीतच अडकत होता. बोटं दुखली, मग दुखायची थांबली. चौघींनी आपापल्या डुबक्या मारल्या, 'हर गंगे' या वेळी जरा घाईत झालं, आणि त्या बाहेर पडून लुगडी बदलायला गेल्या. सात-आठ मिनिटांनंतर मला छान वाटायला लागलं. खरंच छान. भागाबाई माझ्याजवळ बसून वांग्यांबद्दल बोलत होत्या, मी त्यांना विहिरीचं पाणी हिवाळ्यात का कोमट असतं ते सोप्या भाषेत समजावून सांगितलं. आईचे आकडे मागून येत होते. अकरा. बारा. मला त्या वाळूच्या चिमटीवर उभं असल्यासारखं वाटत होतं, आणि मी तिथे जाणार याबद्दल आता शंका उरली नव्हती. मग आई "वीस" म्हणाली. मी उठले, हौदाच्या काठावरून बाहेर आले, "झालं" म्हटलं. बायकांनी गोधड्या टाकल्या. भागाबाईंनी तुराट्यांची मोठी शेकोटी पेटवली आणि मला तिच्यापाशी बसवलं. आता कुठे गेला तुमचा माघ, असं मला त्यांना चिडवायचं होतं, पण जीभ जड झाली होती.

घरी कशी आले ते नीट आठवत नाही. भागाबाईंच्या लेकाने जीपने सोडलं म्हणे. अंथरुणातूनच मी व्हिडिओ हर्षदीपला पाठवायला लावला आणि झोपले. दुपारचं जेवणही चुकलं.

संध्याकाळी हर्षदीपचा फोन आला. मी उठून बसले.

"व्हिडिओ बघितलास का तू?" त्याने विचारलं.

"बघायचं काय त्यात? मी स्वतःच होते ना तिथे. नऊ अंश, दिसलं ना थर्मामीटर? आणि सूट न घालता!"

"सूट का नव्हता?"

"ती मोठी गोष्ट आहे. माघ, काळा रंग, तुला नाही कळायचं."

"वल्लरी, तुझी जागा मी दुसऱ्याला दिली."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याला मी खोटारडा म्हटलं, आधीच कोणाला तरी शब्द दिला होतास म्हटलं, आदिलाबादची बाई म्हणून हसतोस म्हटलं.

"त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई कोण?" त्याने विचारलं.

"भागाबाई. हौद त्यांचा आहे. का?"

"माणसाला पाण्याबाहेर कधी काढायचं ते त्यांना कळतं. तुला स्वतःबद्दल कळत नाही. तिथे त्या नसणार, मी असेन, आणि माझ्यावर आणखी पाच जणांची जबाबदारी असेल. मी नाही नेऊ शकत तुला. व्हिडिओ बघ आधी."

फोन ठेवला आणि मी व्हिडिओ लावला. त्याला खोटं पाडायचंच होतं, त्यासाठी पुरावा हवा होता.

आठव्या मिनिटापर्यंत सगळं मला आठवतं तसंच होतं. भागाबाई हौदाच्या काठावर, कोरडं हिरवं लुगडं नेसून, वांग्यांबद्दल बोलत होत्या. मग त्या बोलायच्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी विहिरीचं पाणी समजावून सांगत होते. म्हणजे 'विहिरीचं पाणी' एवढे दोनच शब्द, जाड जिभेने, परत परत. ओठ जांभळे.

"पोरी, निंग आता," भागाबाई म्हणाल्या. हे मला आठवत नव्हतं.

"बारा," आईचा आवाज. "वल्लरी, पुरे. ये बाहेर. तेरा. वल्लरी, ऐक माय."

मी म्हणत होते, "वीस."

"निंग वं पोरी!" भागाबाई तिसऱ्यांदा ओरडल्या आणि कोरड्या लुगड्यानिशी पुन्हा हौदात उतरल्या. त्यांनी मला काखेत धरलं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. साठीच्या बाईला मी मारलं, आणि माझ्या दुसऱ्या हाताची बोटं हौदाच्या लोखंडी कडीत अशी रुतली होती की दोन्ही जावा आल्या तरी त्यांना ती सोडवता येईनात. माझं डोकं एका बाजूला कलत होतं आणि मी "वीस, वीस" म्हणत होते, लहान मूल हट्टाने म्हणतं तसं.

"पंधरा," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सोळा." मग एकदम, खणखणीत, "वीस! झाली वीस, वल्लरी! झाली बघ! वीस!"

आणि मी कडी सोडली. लगेच. चौघींनी मला ओढून बाहेर घेतलं, फोन खाली पडला, पुढे नुसतं आभाळ होतं आणि आईचं रडणं. मी कुठेच "झालं" म्हटलेलं नव्हतं.

आई 'वीस' म्हणाली तिथलं व्हिडिओचं घड्याळ मी बघितलं. सोळा मिनिटं, चाळीस सेकंद. मागे घेऊन परत बघितलं. सोळा चाळीस.

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"सतरासुद्धा झाली नव्हती आई."

"माहीत हाय मले."

"मग वीस काऊन म्हणालीस? तीन मिनिटं राहिली होती. माझी जागा गेली."

आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. पाणी एका बाजूलाच जास्त पडलं.

"दुसरा कोनता आकडा ऐकूनच नव्हती राह्यली तू," ती म्हणाली.